निरोगी बाजूची नोंद

१८९५ या साली एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. १३ एप्रिलला वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म झाला आणि ८ नोव्हेंबरला जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग शहरात विल्हेल्म राँटजेन या प्राध्यापकाला डोळ्यांना न दिसणारे, पण काळ्या कागदातून आरपार जाणारे किरण सापडले. ते नेमके काय आहेत हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने त्यांना क्ष हे बीजगणितातले नाव दिले. एक मूल आणि एक किरण, दोघेही एकाच वर्षाचे. पुढे या दोघांची गाठ पडली ती साठीच्या उंबरठ्यावर. किरणोत्सर्गाने माणसाच्या शरीराचे, विशेषतः त्याच्या रक्ताचे, किती नुकसान होते याचा हिशेब मांडायला संयुक्त राष्ट्रसंघाने १५ देशांची एक समिती नेमली आणि तिच्यात भारताच्या वतीने बसले ते डॉ. खानोलकर.

भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून वैद्यकाच्या जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. बाहेरच्या जगात मात्र ते फारसे कुणाच्या ओठांवर नसते. यात नवल नाही. शल्यविशारद रोग्याला भेटतो, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, आणि बरा झालेला रोगी जन्मभर त्याचे नाव घेतो. विकृतिशास्त्रज्ञ रोग्याला बहुधा भेटतच नाही. त्याच्यापुढे येतो तो काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब किंवा गाठीचा पातळ काप. त्यावरून तो निदान करतो, कागदावर सही करतो आणि पुढची काचपट्टी घेतो. आम्ही बँकेत नोकरी केलेल्या माणसांना हे काम ओळखीचे वाटते. काउंटरवर बसणाऱ्याला खातेदार ओळखतात. मागच्या खोलीत खतावण्या ताडून पाहणाऱ्याला कुणी ओळखत नाही. पण ताळेबंद जुळतो तो त्याच्यामुळे.

खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. मुंबईला आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी हा विषय शिकवला. त्या काळी आपल्याकडची वैद्यकीय पाठ्यपुस्तके विलायतेतून येत आणि त्यांतली रोगांची वर्णनेही विलायतेतल्या माणसांची असत. इथल्या माणसाच्या शरीरात तोच रोग कसा दिसतो, तो कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, याची नोंद आपणच करायला हवी, या दिशेने खानोलकरांचे काम सुरू झाले. त्यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुणाला होतो हे रुग्णालयात कळते. कुणाला होत नाही हे कळण्यासाठी रुग्णालयाबाहेर यावे लागते.

या कामाला मोठी जागा मिळाली ती टाटा मेमोरियल रुग्णालयात. त्या रुग्णालयाचा जन्मच एका रक्ताच्या कर्करोगातून झाला आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात या रोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्याआधी त्यांनी पत्नीच्या नावाने जो विश्वस्त निधी स्थापन केला, त्यातून रक्ताच्या कर्करोगावर जगात कुठेही संशोधन करणाऱ्यांना पैसे दिले जाऊ लागले. मुंबईत कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांवर सोपवण्यात आली.

तीन वर्षांतच त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रोग्यांचा आढावा अमेरिकेतल्या कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. विलायतेत तुलनेने कमी दिसणारा हा रोग मुंबईत एवढा का? १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी आणखी एक निबंध लिहिला. माणसांच्या चालीरीती आणि त्यांचे कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट धोतर नेसणाऱ्याच्या त्याच जागी होणारा त्वचेचा कर्करोग, आणि चुना-तंबाखूची चिमूट ओठात धरून ठेवणाऱ्याच्या त्याच ओठाचा कर्करोग यांची त्यात नोंद होती. धोतर कर्करोग हे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत गेले ते तेव्हापासून.

आता कुणी म्हणेल, तोंडाच्या कर्करोगाचे १,००० रोगी पाहिले आणि त्यांतले पुष्कळसे तंबाखू खाणारे निघाले, म्हणजे प्रश्न सुटला. तो तसा सुटत नाही. मुंबईत त्या काळी तंबाखू न खाणारा माणूस शोधावा लागे. रोग्यांमध्ये खाणारे पुष्कळ, तसे निरोग्यांमध्येही पुष्कळ असतील तर त्या आकड्याला अर्थ काय? खातेवहीची नावेची बाजू तेवढी भरून जमेची कोरी ठेवली तर कोणताही हिशेबनीस ती वही परत पाठवील. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्याबरोबर खानोलकरांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जो निबंध लिहिला त्यात दोन्ही बाजू भरलेल्या आहेत. तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे रोगी एका बाजूला आणि तो रोग नसलेली माणसे दुसऱ्या बाजूला. दोहोंच्या सवयी सारख्याच पद्धतीने विचारलेल्या. त्यातल्या फरकावरून तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा दोष ठरवलेला. आज तंबाखूच्या पुडीवर छापलेले भीतिदायक चित्र पाहताना ज्या संशोधनाचे ऋण मानावे, त्यात या निबंधाचे स्थान वरचे आहे.

हीच दृष्टी रक्ताच्या बाबतीतही दिसते. १९४९ साली संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या, आपापल्या जातीतच विवाह करणाऱ्या सहा समाजांची पाहणी केली आणि रक्तगटांसह सात आनुवंशिक गुणांची मोजदाद प्रसिद्ध केली. ही माणसे रोगी नव्हती. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने निरोग्यांचे रक्त कशाला मोजावे? कारण आनुवंशिकतेचा रोगाशी संबंध आहे किंवा नाही हे ठरवायचे, तर आधी निरोगी लोकांत काय आहे ते माहीत हवे. डॉ. खानोलकरांच्या आयुष्याचे सूत्र सांगायचे झाले तर ते हेच सांगता येईल. आजारी बाजू आपोआप नोंदली जाते, कारण ती ओरडते. निरोगी बाजू मुद्दाम नोंदावी लागते.

किरणांनी उपचार करण्याच्या शास्त्राला हेच सूत्र शिकायला अर्धे शतक लागले. राँटजेनचा शोध लागल्यावर वर्षभरातच डॉक्टर मंडळी गाठींवर क्ष-किरण सोडू लागली होती. १८९८ मध्ये क्युरी पतिपत्नींनी रेडियम शोधले, तेही गाठीवर ठेवले जाऊ लागले. गाठी विरघळत, म्हणून आनंद. पण किरण सोडणाऱ्यांच्याच हातांना व्रण पडत, बोटे कापावी लागत, काही जण कर्करोगानेच मरत. १९०३ च्या सुमारास जर्मनीतल्या हाइनेके यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की शरीरातल्या ज्या ऊतींत रक्तपेशी तयार होतात त्यांना या किरणांचा मार फार लवकर बसतो. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबाँदो या दोघा फ्रेंच संशोधकांनी नियम मांडला, की जी पेशी भराभर विभागते तिला किरण जास्त बाधतात. कर्करोगाची पेशी भराभर विभागते हे खरे. पण हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत रोज कोट्यवधी नव्या रक्तपेशी जन्माला घालणारी निरोगी पेशीही तशीच भराभर विभागते. म्हणजे शत्रू आणि मित्र दोघेही एकाच कारणाने माराच्या टप्प्यात. १९३४ च्या जुलैमध्ये मेरी क्युरी गेल्या त्या मज्जेने रक्त तयार करणेच थांबवले म्हणून.

तरीही किती मार लागतो, याचे माप कुणाजवळ नव्हते. गाठ लहान झाली, कातडी लाल झाली, एवढेच डोळ्यांना दिसे. एकेका पेशीचे काय झाले, हे कळायचे तर पेशी शरीराबाहेर काढून जिवंत ठेवता आली पाहिजे, मोजता आली पाहिजे.

टिटवाळ्याला राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा केवळ पुस्तकातला प्रश्न वाटत नाही. सकाळच्या मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मंगळवारी गणपतीला आलेल्यांची परतीची गर्दी असते, कामावर जाणाऱ्यांची रोजचीच असते आणि या दोहोंमध्ये हातात जाड फाइल धरून, कोपऱ्यातली जागा शोधणारी काही माणसे असतात. आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून आलेली असतात, टिटवाळ्याहून चढलेली असतात. दादर किंवा परळला उतरतात. एकदा अशाच एका गृहस्थांशी बोलणे झाले. पत्नीला पोटाच्या खालच्या भागात शेक चालू होता. किरणोपचाराला आपल्याकडे सरसकट शेकच म्हणतात. सोबत आठवड्याचे इंजेक्शन. त्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी भरल्या म्हणून इंजेक्शन पुढे ढकलले होते. ते गृहस्थ चिडलेले नव्हते, पण मनातून खचलेले होते. आजार गाठीचा आहे, मग दर खेपेला रक्त कशाला काढतात, आणि रक्त कमी भरले म्हणून गाठीचे औषध का थांबवतात, हे त्यांना उमगत नव्हते. उपचार फसला असे समजून गावी परतण्याचा विचार त्यांच्या मनात घोळत होता. या प्रश्नाचे उत्तर ज्याला वेळेवर मिळत नाही तो खरोखरच परततो, आणि अर्ध्यावर सोडलेला उपचार पुष्कळदा न घेतलेल्या उपचाराइतकाच निरुपयोगी ठरतो.

उत्तर असे आहे. गाठ आणि रक्त ही एकाच वहीची दोन पाने आहेत. कंबरेच्या हाडांत मज्जेचा मोठा साठा असतो. तिथे किरण पडले की मज्जेलाही ते लागतात, आणि कर्करोगाची बहुतेक औषधेही मज्जेला दमवतात. रक्तातल्या सगळ्या पेशींचे आयुष्य सारखे नसते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून नवा पुरवठा थांबला तरी त्यांची तूट उशिरा दिसते. पांढऱ्यांतल्या लिंफोसाइट नावाच्या पेशी किरणांना इतक्या हळव्या असतात, की सगळ्या अंगावर मोठी मात्रा पडली तर एकदोन दिवसांतच त्यांची संख्या कोसळते. अणुअपघातात सापडलेल्या माणसाला किती मार बसला हे ठरवताना डॉक्टर म्हणूनच आधी याच पेशी मोजतात. आठवड्याचा काउंट म्हणजे निरोगी बाजूची शिल्लक. ती ठरावीक पातळीच्या खाली गेली तर औषध थांबवायचे, मज्जेला श्वास घेऊ द्यायचा आणि पुन्हा सुरू करायचे. हा उपचाराचाच भाग आहे, त्याचे अपयश नव्हे.

हे माप हाती आले ते पेशी बाहेर वाढवण्याच्या विद्येमुळे, आणि ती विद्या मुंबईत आणण्याच्या कामातही खानोलकर होते. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, संशोधन करीत होत्या. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे शिक्षण घेऊन आल्या. १९५२ साली परळला खानोलकरांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तिथे रणदिवेबाईंनी भारतातली पेशीसंवर्धनाची पहिली संशोधनशाळा सुरू केली. बाईंचे स्वतःचे काम स्तनांच्या कर्करोगावर, उंदरांच्या जातींवर आणि आनुवंशिकतेवर होते. पुढे १९५८ मध्ये कुष्ठरोग्यांच्या ऊतींतून एक जंतू वेगळा काढण्यात आला, त्यातही सी. व्ही. बापट आणि खानोलकर यांच्याबरोबर त्या होत्या. पण ज्या गुरूकडे त्या शिकल्या, त्याच गाय यांच्या प्रयोगशाळेने किरणांच्या मापनाला तराजू दिला.

१९५१ साली गाय यांच्याकडे एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी आल्या. त्या बाई, हेन्रिएटा लॅक्स, त्याच वर्षी वारल्या. पेशी मात्र वाढतच राहिल्या आणि हेला या नावाने जगभर गेल्या. आपल्या पेशी घेतल्याचे त्या बाईंना कुणी विचारले नव्हते, ही खंत त्या शोधाला कायमची चिकटलेली आहे. १९५६ साली अमेरिकेतच थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी या पेशी काचेच्या बशीत विरळ पसरल्या, त्यांच्यावर मोजून क्ष-किरण सोडले आणि नुसती वाट पाहिली. जी पेशी वाचली तिच्यापासून काही दिवसांत डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होई. ठिपके मोजले की वाचलेल्या पेशी मोजल्या गेल्या. माणसाच्या कर्करोगपेशीला किरण किती लागतात, हे पहिल्यांदा आकड्यांत उतरले.

त्या आकड्यांचा नियम बँकेतल्या माणसाला चटकन समजतो. सारख्या मात्रेने सारख्या संख्येने पेशी मरत नाहीत, सारख्या प्रमाणात मरतात. सुरुवातीला थोडा मार पेशी सोसून नेतात, पण त्यानंतर सुमारे १ ग्रे एवढी प्रत्येक वाढीव मात्रा शंभरातल्या ३७ पेशी मागे ठेवते. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे आजचे एकक. पुन्हा तेवढीच मात्रा दिली, की उरलेल्यांतल्या ३७ टक्के. यंत्रावरचा घसारा आपण घटत्या शिलकीवर लावतो, तसेच हे.

मग प्रश्न आला निरोगी पेशीचा. तो सोडवला कॅनडात टोरांटोला जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक यांनी, १९६१ साली. मज्जा निकामी केलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान गाठी उठल्या, आणि एकेक गाठ म्हणजे रक्त तयार करणाऱ्या एका मूळ पेशीची संतती असल्याचे ध्यानात आले. मज्जेला आधी किरण दिले, की गाठी कमी होत. बशीतले ठिपके मोजावेत तशा या गाठी मोजून निरोगी मज्जापेशीचे माप निघाले. रक्ताच्या मूळ पेशी प्रत्यक्ष ओळखल्या गेल्या त्या या मोजणीच्या ओघात. आणि माप काय निघाले? जवळपास तेच, सुमारे १ ग्रे. कर्करोगाची पेशी जन्मतः दुबळी, निरोगी पेशी जन्मतः बळकट, अशी जी भाबडी समजूत होती तिला या आकड्यात आधार मिळाला नाही.

मग शेक लागू का पडतो? याचे उत्तर फरकात आहे, आणि फरक लहान आहे. दोन मात्रांमध्ये वेळ गेला तर पेशी आपली मोडतोड दुरुस्त करतात, हे १९५९ मध्ये एलकाइंड आणि सटन यांनी दाखवले. शरीराच्या पुष्कळ निरोगी ऊती ही दुरुस्ती गाठीपेक्षा थोडी बरी करतात, आणि अधल्यामधल्या दिवसांत नव्या पेशी तयार करून खड्डा भरतात. म्हणून पूर्ण मात्रा एकदम न देता रोज २ ग्रेच्या आसपास, आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे अशी विभागून देतात. या लहान फरकाची चक्रवाढ काय होते ते पाहा. समजा, १०० कोटी पेशींच्या गाठीतल्या प्रत्येक खेपेला निम्म्या पेशी उरतात. ३० खेपांनी शिल्लक राहते अवघी एक. आणि समजा तेवढ्याच निरोगी पेशींतल्या प्रत्येक खेपेला निम्म्याऐवजी शंभरातल्या ६० उरतात. ३० खेपांनी शिल्लक राहतात २०० च्या वर, आणि त्या पुन्हा वाढू शकतात. एका खेपेला फरक शंभरात दहाचा, शेवटी तो २०० पटींवर जातो. खेपा मधेच सोडून देणारा माणूस या चक्रवाढीवर पाणी सोडतो.

रक्ताच्या कर्करोगात मात्र हा फरकही फारसा हाती लागत नाही, कारण तिथे शत्रू मज्जेतच राहतो आणि मज्जा मुळातच हळवी. म्हणून तिथे वेगळी वाट काढावी लागली. रोगी आणि निरोगी दोन्ही पेशी औषधांनी किंवा किरणांनी पुसून टाकायच्या आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा भरायची. अमेरिकेतल्या डॉनल थॉमस यांना या कामासाठी १९९० चे नोबेल मिळाले. भारतात ते प्रथम झाले १९८३ साली, डॉ. सुरेश अडवाणी यांच्या हातून, त्याच परळच्या टाटा रुग्णालयात. लेडी मेहेरबाईंच्या मृत्यूला तेव्हा ५२ वर्षे झाली होती.

खानोलकरांच्या वाट्याला आलेला हिशेब याहून मोठा होता, कारण त्यात मात्रा ठरवून देणारा डॉक्टर नव्हता. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्या माणसांत काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग वाढलेला दिसू लागला. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेने पॅसिफिकमध्ये हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली, तिची राख जपानी मच्छीमारांवर पडली आणि जगभर घबराट झाली. चाचण्या थांबवा, असा आग्रह धरणाऱ्यांत पंडित नेहरू पुढे होते. १९५५ च्या डिसेंबरात राष्ट्रसंघाने ती समिती नेमली. अमेरिका आणि रशिया दोघेही तिच्यात होते, म्हणजे ज्यांनी बाँब फोडले तेही हिशेबाला बसले होते. समितीचा पहिला अहवाल १९५८ साली आला. निसर्गातून माणसाला किती किरण मिळतात, क्ष-किरण तपासणीतून किती, बाँबच्या राखेतून किती, आणि त्यातले मज्जेपर्यंत किती पोहोचतात, याची बाजूबाजूला मांडणी त्यात होती.

इथेही निरोगी बाजूची नोंद हवीच होती. ती मिळण्याची जागा आपल्याच देशात होती. केरळच्या किनाऱ्यावर चवरा-करुनागपल्लीच्या पट्ट्यात वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम आहे आणि तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट नैसर्गिक किरणांत राहत आली आहेत. त्या किनाऱ्याकडे जगातल्या शास्त्रज्ञांचे लक्ष त्याच वर्षांत वळले. निकाल यायला मात्र खानोलकरांच्या पश्चात तीन दशके जावी लागली. करुनागपल्लीतल्या सुमारे ७०,००० माणसांवर सरासरी दहा वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक किरण जास्त म्हणून तिथे कर्करोग जास्त, असे त्यात आढळले नाही. रक्ताच्या कर्करोगाचे रोगी मात्र इतके थोडे होते, की त्याबद्दल ठामपणे बोलायला तो आकडा अपुरा पडतो. वाळूला घाबरणाऱ्यांना आणि किरणांची मुळीच भीती नको म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हा निकाल पुरता सोयीचा नाही. नीट मोजणीचे हे एक लक्षणच आहे.

खानोलकर १९६० ते ६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. वैद्यकातले पहिले राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होण्याचा मान त्यांना मिळाला, पद्मभूषण मिळाले, कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपदही मिळाले. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय आणि कर्करोग संशोधन केंद्र अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आले आणि १९६६ मध्ये दोन्ही एक झाली. रुग्णालय आणि प्रयोगशाळा, शेकाची खोली आणि सूक्ष्मदर्शकाची खोली यांच्यातली भिंत कागदोपत्री तरी पडली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर गेले. खारघरला टाटा स्मारक केंद्राचा जो संशोधन परिसर आहे, तिथल्या प्रयोगशाळांच्या इमारतीला आज खानोलकर शोधिका म्हणतात.

फाइल घेऊन लोकलमध्ये बसणाऱ्या माणसाला हे नाव ठाऊक नसेल, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पण त्याच्या फाइलीत गाठीच्या चित्रांच्या जोडीला रक्ताच्या आकड्यांचा एक साधा कागद असतो. बहुतेक जण तो उलटून पुढे जातात. आपल्या माणसाच्या शरीरात अजून काय शाबूत आहे, हे त्या कागदावर लिहिलेले असते. आकडा खाली आला असेल तर डॉक्टरांना विचारावे, किती दिवस थांबायचे आहे ते समजून घ्यावे आणि पुढच्या तारखेला पुन्हा गाडी धरावी.